घरपट्टी आणि करंगळी

श्यामकांत वेंगुर्लेकरला जर्मनीच्या राजकारणात काडीचाही रस नव्हता. त्याला फक्त दोन खोल्या हव्या होत्या. पण १९५८ च्या उन्हाळ्यात क्लेटेनबाख नावाच्या गावात जी काही उलथापालथ झाली तिचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं, आणि तेही रीतसर, ग्रामसभेच्या इतिवृत्तात, सहीशिक्क्यानिशी.

हे क्लेटेनबाख एर्लांगेनपासून सायकलवर चाळीस मिनिटं. वारा समोरून असला तर पंचावन्न, आणि वारा जातानाही समोरून असे आणि येतानाही. श्यामकांत एर्लांगेनच्या विद्यापीठात काचेवर डॉक्टरेट करत होता. शहरात जागा मिळायची मारामार, म्हणून तो या गावात हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउस यांच्या माळ्यावर राहत होता. छप्पर इतकं उतरतं की त्याला खोलीच्या मध्यभागीच ताठ उभं राहता येई. एरवी तो घरमालकाला नमस्कार करतोय अशा पोझमध्ये वावरत असे.

हेर क्राउस म्हणजे पंचावन्न वर्षांचा आडवातिडवा शेतकरी. दोन घरं, एक गोठा, एक धान्याचं कोठार आणि डोंगराच्या उतारावर बरीचशी जमीन. 'वेंगुर्लेकर' हे नाव त्यांच्या जिभेला पेलेना, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं डोकं आणि धड उडवून नुसती शेपटी ठेवली. 'हेर कर.' कोकणातल्या एका अख्ख्या बंदराचं नाव लावणाऱ्या माणसाचा नुसता कर व्हावा याचं श्यामकांतला वाईट वाटलं, पण भाडं कमी होतं. दुसरी अडचण 'जा' या शब्दाची. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो' हे तो जाणून होता, पण कानाला ते कोण सांगणार? सुरुवातीचे दोन महिने हेर क्राउस 'जा, जा' म्हणाले की श्यामकांत खरोखरच उठून जात असे, आणि हा भारतीय माणूस बोलता बोलता मध्येच का निघून जातो याचा क्राउस दांपत्याला प्रश्न पडत असे.

त्या उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या व्हायच्या होत्या. युद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित होऊन आलेलं एक कुटुंब तिथं राहत होतं, त्यांना न्युर्नबर्गला घर मिळालं. श्यामकांतनं धीर करून विचारलं. हेर क्राउस 'जा, जा' म्हणाले, श्यामकांत या वेळी जागचा हलला नाही, आणि दोघांनी हातात हात दिला. त्या गावात हातात हात दिला की करारनामा झाला असं समजत. त्याच संध्याकाळी त्यानं पुण्याला सुलेखाला पत्र टाकलं. सुलेखा म्हणजे त्याची बायको, आणि सहा वर्षांची लतिका म्हणजे त्याची मुलगी, जिला त्यानं दोन वर्षांत फक्त फोटोत पाहिलं होतं. बोटीची तिकिटं निघाली. सुलेखाचं उत्तर आलं त्यात नळ घरात आहे का, लोणचं जर्मनीत चालतं का आणि शाळा जवळ आहे का, असे तीन प्रश्न होते. पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' होतं. शाळाही जवळच होती.

पण शाळा म्हणजे काय होती! कैसरच्या आजोबांच्या काळातली दोन खोल्यांची इमारत. निर्वासितांमुळे गाव दुप्पट झालेलं, तेव्हा निम्मी मुलं सकाळी आणि निम्मी दुपारी. अंगणाच्या टोकाला लाकडाचे दोन संडास, एक कॅथलिकांचा आणि एक प्रोटेस्टंटांचा. निसर्गाच्या हाकेला धर्म नसतो हे तत्त्वज्ञान क्लेटेनबाखपर्यंत पोचलं नव्हतं. नवी शाळा बांधायची तर पैसा हवा, आणि गावात पैसा येण्याची वाट एकच, घरा-जमिनीवरचा कर, म्हणजे आपली घरपट्टी. ग्रामसमितीत बरोब्बर निम्मे बाजूनं आणि निम्मे विरुद्ध. शेवटी गावचा बुर्गरमाइस्टर, म्हणजे सरपंच, वैतागून म्हणाला की ग्रामसभा बोलावू, हात वर करून मत घेऊ, गाव म्हणेल ते करू. विरोधकांचे पुढारी कोण, हे दोन घरं, एक गोठा आणि एक कोठार ज्यानं ऐकलं आहे त्याला सांगायला नको.

सभेच्या आदल्या दिवशी हेर क्राउस माळ्यावर आले आणि श्यामकांतला म्हणाले की उद्या आमच्या बाकावर येऊन बसा. मताचा तुम्हाला अधिकार नाही, तुम्ही परके, पण बाक भरलेला दिसला की बरं दिसतं. श्यामकांतनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल हाणत थेट दत्तात्रय सोहोनीकडे गेला.

दत्तात्रय सोहोनी चार वर्षं एर्लांगेनला होता आणि आपली सगळी वाक्यं 'जर्मन माणूस' या शब्दांनी सुरू करत असे. तो म्हणाला, जर्मन माणूस बोलावतो तेव्हा जावंच लागतं. जर्मन माणूस पाजतो तेव्हा नाही म्हणायचं नसतं. आणि सर्वात महत्त्वाचं, जर्मन माणसाच्या सभेतून मध्येच उठायचं नसतं, तो मोठा अपमान समजतात. ही तिन्ही कलमं श्यामकांतनं मनात लिहून घेतली. पुढं जे झालं ते या तीन कलमांचं काटेकोर पालन केल्यामुळेच झालं.

सभा गावच्या खाणावळीच्या दिवाणखान्यात होती. हेर क्राउसचा बाक भिंतीला लागून, खांबाच्या मागं. श्यामकांतच्या डाव्या हाताला पाच जण, उजव्या हाताला हेर क्राउस धरून सात, समोर टेबल, पाठीला भिंत. तो बिअर पीत नाही म्हटल्यावर हेर क्राउसनी त्याच्यासाठी सफरचंदाचा रस मागवला. रस अर्ध्या लिटरच्या मगमध्ये आला. संपला की दुसरा आला. दुसरं कलम आठवून त्यानं तोही संपवला. मग तिसरा आला.

भाषणं सुरूच होती. सरपंच बोलला, कॅथलिक धर्मगुरू बोलले, मग तोल राखण्यासाठी प्रोटेस्टंट धर्मगुरू तेवढाच वेळ बोलले. निर्वासितांबरोबर आलेली शिक्षिका फ्रॉयलाइन, म्हणजे कुमारी, विंटर बोलली. मग हेर क्राउस बोलले, म्हणजे मुख्यतः टेबलावर मुठी आपटल्या. सगळं गावठी फ्रांकोनियन बोलीत. श्यामकांतला चारांतला एक शब्द कळत होता, आणि दीड लिटर सफरचंदांनी जोर धरल्यावर तर तोही कळेनासा झाला.

इथं थोडं वेंगुर्ल्याला जायला हवं. श्यामकांत प्राथमिक शाळेत आत्माराम मास्तरांच्या हाताखाली शिकला. मास्तर कडक होते, पाढा चुकला तर छडी ठरलेली. पण एका बाबतीत त्यांच्याकडे दयामाया होती. मुलानं तोंड बंद ठेवून उजव्या हाताची करंगळी वर केली की मास्तर मान वर न करता हुंकार भरत, आणि मूल बाहेर पळे. का, कुठं, आत्ताच का, एक प्रश्न नाही. सगळ्या महाराष्ट्रातल्या शाळांत ही करंगळी चालते, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की माणूस तिशीचा होतो, एम.एस्सी. होतो, समुद्र ओलांडतो, तरी ऐन वेळी तीच करंगळी वर येते.

न विचारता उठावं तर अपमान, बसून राहावं तर महाअपमान. तेव्हा सभेच्या अध्यक्षाला विचारून उठणं हा एकच सभ्य मार्ग उरला. श्यामकांतनं सरपंचाकडे केविलवाण्या नजरेनं पाहत करंगळी वर केली. नेमका त्याच क्षणी सरपंच काहीतरी म्हणाला आणि दिवाणखान्यात इकडेतिकडे हात वर होऊ लागले. इतक्या जणांना एकदम लागलेली पाहून श्यामकांतला नवल वाटलं नाही, बिअरच तेवढी चालली होती. उलट त्याला धीर आला, आणि या गर्दीत आपला नंबर मागं पडू नये म्हणून त्यानं हात होता होईल तेवढा उंच ताणला.

ग्रामसचिव हेर बिटनर खुर्चीवर उभे राहून मोजत होते. खांबामुळे त्यांना श्यामकांत दिसत नव्हता, फक्त खांबाआडून वर आलेला कोटाचा हात दिसत होता. हात कोणाचा हे विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. घरपट्टी वाढवण्याच्या बाजूनं बासष्ट, विरुद्ध एकसष्ट.

एकच गिल्ला झाला. सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली, त्यामुळे बाकाची वाट मोकळी झाली आणि श्यामकांत बाणासारखा सुटला. तो परत आला तेव्हा दारातच फ्रॉयलाइन विंटरनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घरमालकाच्या शेजारी बसून मुलांसाठी हात वर करायला छाती लागते, असं ती म्हणाली. मागच्या अंगणात हात धुवायला नळ नव्हता, हे तिला सांगावं की नाही या विचारात श्यामकांत पडला आणि आपण नक्की काय केलं ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

हेर क्राउस त्याला मागं सोडून एकटेच घरी गेले. सकाळी त्यांनी सांगितलं की त्या दोन खोल्या आता रिकाम्या नाहीत. तिथं बटाटे ठेवायचे आहेत. श्यामकांतनं बोलायला तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, "गेहेन झी." याचा अर्थ जर्मनमध्येही 'जा' असाच होतो.

आता मत परत घेणं भाग होतं. श्यामकांत ग्रामकचेरीत गेला. हेर बिटनरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की आपल्याला मताचा अधिकार आहे का? नाही. मग आपण मत दिलेलंच असू शकत नाही, आणि न दिलेलं मत परत घेण्याचा फॉर्म नाही. श्यामकांत म्हणाला, पण मोजलं गेलंय ना. त्यावर हेर बिटनरनी चष्मा काढून पुसला. मोजलं गेलं असेल, तर आपण परके असून मतदान केलं, आणि मग हे प्रकरण परकीयांच्या पोलीस कचेरीत एर्लांगेनला पाठवावं लागेल, तिथं आपल्या राहण्याच्या परवान्याची मुदत बघतील. तेव्हा आपण मत दिलं की नाही, हे आपणच नीट आठवून सांगावं. श्यामकांत म्हणाला की त्याला काही आठवत नाही. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं हेर बिटनर म्हणाले आणि दोन वाजता कचेरी बंद होते याची त्यांनी आठवण करून दिली. तेव्हा पावणेदोन वाजले होते.

दत्तात्रय सोहोनीला खरं कारण कळलं तेव्हा तो विद्यापीठाच्या खाणावळीत इतका हसला की शेजारच्या टेबलावरचा प्राध्यापक चमचा खाली ठेवून बघू लागला. डोळे पुसून तो म्हणाला, जर्मन माणसाला खरं सांगितलं की तो विरघळतो. तू क्राउसला सरळ सांग.

सांगणं सोपं होतं काय? गावात श्यामकांतची पत एकाएकी वाढली होती. पाववाला चार पावांवर पाचवा फुकट टाकी. दोन्ही धर्मगुरू आळीपाळीनं टोपी उचलत. ज्या देशात विद्येला देवी मानतात तिथला हा माणूस, असं फ्रॉयलाइन विंटर मुलांना सांगत असे आणि रस्त्यात भेटणारी मुलं त्याला वाकून नमस्कार करत. जन्मात पहिल्यांदा कोणी श्यामकांतला शूर म्हटलं होतं. आणि आता त्यानं जाऊन सांगायचं की ती विद्येची ओढ नव्हती, ती दुसरीच ओढ होती? तो आठ दिवस गप्प बसला. मग एडनहून सुलेखाचं पोस्टकार्ड आलं. बोट फार हलते, पण लतिकाला त्रास नाही, ती सगळ्यांना सांगत फिरते की बाबांनी माझ्यासाठी वेगळी खोली घेतली आहे.

ते कार्ड खिशात ठेवून तो क्राउसांच्या स्वयंपाकघरात गेला. काचेच्या प्रयोगशाळेत लागणारं जर्मन त्याला उत्तम येत होतं, पण ही गोष्ट सांगायला लागणारं जर्मन कोणत्या प्रयोगशाळेत शिकवतात? त्यानं शब्दकोशातून एक भारदस्त शब्द पाठ केला होता. तो डॉक्टर लोकांचा शब्द निघाला. फ्राउ क्राउसना, म्हणजे क्राउसबाईंना, वाटलं याला मूत्रपिंडाचा विकार जडलाय, आणि त्यांनी लगेच कामोमाइलच्या चहाचं आधण चढवलं. शेवटी श्यामकांतनं करंगळी वर करून दाखवली आणि वेंगुर्ल्याच्या शाळेपासून सगळं सांगितलं.

हेर क्राउस पुढं वाकून ती करंगळी न्याहाळू लागले. मग त्यांनी विचारलं, "आणि मास्तर जाऊ देत?"

"लगेच."

"काही न विचारता?"

"काही न विचारता."

फ्राउ क्राउसनी चुलीकडे तोंड फिरवलं. हेर क्राउस उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले की हे सगळं असंच्या असं सभेपुढं सांगायचं. ते सभा पुन्हा बोलवायला लावतील, मत रद्द होईल, आणि खोल्या हेर करच्या. बटाट्यांचं बघू म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सभा पुन्हा भरली. या वेळी श्यामकांत दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं काहीही प्यायला नकार दिला. परदेशी माणसानं खुलासा म्हणून बोलायला सरपंचानं परवानगी दिली. श्यामकांत उभा राहिला. समोर दीडशे माणसं, पहिल्या रांगेत फ्रॉयलाइन विंटर, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून तोच विश्वास. त्याला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. पण त्याच्या डोळ्यांसमोर बोटीच्या कठड्याला धरून उभी असलेली लतिका आली, आणि त्यानं सगळं सांगितलं. सफरचंदाचा रस सांगितला, बाक सांगितला, आत्माराम मास्तर सांगितले, करंगळी वर करून दाखवली. एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि सगळा दिवाणखाना गदगदला. फ्रॉयलाइन विंटर तेवढी हसली नाही. ती आपल्या पर्सच्या बंदाकडे बघत होती.

श्यामकांतनं इथं खाली बसायचं होतं. भाषण एवढंच ठरलं होतं. पण ती पर्सकडे बघणारी मान त्याला बघवेना.

"मला इथं घर नाही, जमीन नाही, मी घरपट्टी भरत नाही," तो म्हणाला. "तेव्हा मी हात वर करायला नको होता, माफ करा. पण मंगळवारी माझी मुलगी येतेय. सहा वर्षांची आहे, जर्मनचा एक शब्द येत नाही. ती तुमच्या शाळेत दुपारी बसेल आणि तिला जायचं असेल तेव्हा ती ही करंगळी वर करेल. तिला कोणीतरी जाऊ द्या. आणि अंगणातला कुठला संडास तिचा, ते मला आधी सांगून ठेवा, कारण आम्ही कॅथलिकही नाही आणि प्रोटेस्टंटही नाही."

तेवढ्यात मागच्या बाकावरून गावचा म्हातारा खाटीक, हेर क्राउसांचा शाळासोबती, खाकरला आणि म्हणाला की ही करंगळी आपल्या गेओर्गला एकोणीसशे अकरा साली मिळाली असती तर काय हवं होतं. सत्तेचाळीस वर्षं झाली, पण गावानं अजून त्याला 'ओला गेओर्ग' म्हणायचं सोडलं नाही. वयस्क मंडळी फिस्सकन हसली. हेर क्राउसांचे कान लालबुंद झाले. मास्तरांनी कोणाला जाऊ दिलं नव्हतं आणि बाकावर कोण बसून राहिलं होतं, हे श्यामकांतला तेव्हा कुठं कळलं. फ्राउ क्राउसनी चुलीकडे तोंड का फिरवलं होतं तेही कळलं.

सरपंचानं घाईघाईनं पुन्हा मत मागितलं. श्यामकांत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. हेर बिटनर खुर्चीवर चढले. त्यांनी एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. बाजूनं एकसष्ट. श्यामकांतचा हात वजा जाता तेवढेच उरायचे होते. विरोधातही एकसष्टच आहेत हे सगळ्यांना पाठ होतं, आणि बरोबरी झाली तर ठराव पडतो. फ्रॉयलाइन विंटरनी पर्स उचलली.

तेव्हा खांबामागून एक हात वर आला. जाडजूड, मातीनं काळवंडलेला, आणि त्याची फक्त करंगळी ताठ. हेर बिटनर खुर्चीवर टाचा उंचावून खांबापलीकडे बघू लागले. मागच्या वेळची चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती.

"हेर क्राउस," त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "हे मत आहे, की आपल्याला बाहेर जायचंय?"

"दोन्ही," हेर क्राउस म्हणाले. "आधी मत लिहा."

मंगळवारी सुलेखा आणि लतिका आल्या. दोन खोल्यांत बटाट्यांचा थोडा वास होता, पण नळ आत होता. पहिल्याच दुपारी लतिका शाळेत गेली, करंगळी वर केली आणि फ्रॉयलाइन विंटरनी पुस्तकातून मान वर न करता हुंकार भरला. महिन्याभरात सगळी शाळा करंगळीवर आली. नवी इमारत उभी राहायला दोन वर्षं लागली. तिच्यात संडास आत बांधले, आणि कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांची रांग तिथं तरी एकच लागू लागली. उद्घाटनाचं भाषण कोणी करायचं यावर दोन्ही धर्मगुरूंची जुंपली, तेव्हा ते हेर क्राउसनी केलं. ते दोन वाक्यांचं होतं आणि दुसरं वाक्य घरपट्टी फार झाल्याबद्दल होतं.

दर वर्षी घरपट्टीचं पाकीट आलं की हेर क्राउस मागच्या खोल्यांचं दार ठोठावत. श्यामकांतनं दार उघडलं की एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हाताची करंगळी वर करून ते नुसते उभे राहत. श्यामकांत मान डोलावे. मग ते "जा, जा" म्हणत आपल्या स्वयंपाकघराकडे वळत, आणि श्यामकांत त्यांच्या मागोमाग चहाला जाई.